उघडं दार

स्मरणिकेच्या ग्रुपवर फर्मान निघालं की प्रत्येकाने आपल्याला घडवणाऱ्या एखाद्या थोर व्यक्तीवर लिहायचं, आणि दोन दिवसांत कलाम, सावित्रीबाई, शिवाजी महाराज, लता मंगेशकर सगळे वाटले गेले. मी पंडिता रमाबाई मागितल्या. कुणी हरकत घेतली नाही. एकीने फक्त अंगठा दाखवला. तीस वर्षांपूर्वी वर्गात या नावावरून जे झालं ते तिच्या लक्षात असेल असं वाटत नाही.

आठवीच्या इतिहासात समाजसुधारकांचा धडा होता. त्यात रमाबाईंना चार-पाच ओळी: संस्कृतच्या विदुषी, आर्य महिला समाज, शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन. मागच्या बाकावरून एक प्रश्न आला की त्यांनी धर्म बदलला तो पैशांसाठी ना? वर्ग हसला. मग दोन-चार जणांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, कारण वर्गात ख्रिस्ती आडनावाची मी एकटीच होते. बाईंनी पुढचा धडा उघडायला सांगितला. मी काहीच बोलले नाही, कारण मला काही माहीतच नव्हतं. आमच्या घरी रमाबाईंचा फोटो होता, पण फोटोबद्दल कोण प्रश्न विचारतं?

ज्याने तो प्रश्न विचारला त्याच्यावर माझा राग नाही. नंतर दहावीला गणितात मीच त्याला त्रिकोणमिती शिकवली. पण उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, ते आज देते. मी इतिहासाची अभ्यासक नाही, दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणारी बाई आहे. तेव्हा चूकभूल देणे घेणे.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. तरुणपणी पुण्यात शिकत असताना त्यांनी आपल्या गुरूंना पेशव्यांच्या राणीला संस्कृत शिकवताना पाहिलं, आणि आपल्या बायकोलाही शिकवायचं असं मनात घेतलं. घरच्यांनी आणि गावाने विरोध केला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंना घेऊन ते जंगलात जाऊन राहिले. तिथेच त्यांना शिकवलं. पुढे वडील म्हातारे झाले आणि धाकट्या रमेला शिकवण्याचं काम आईकडे आलं.

या आईचं मला फार नवल वाटतं. दिवसभर घरातली कामं, पाहुणे, विद्यार्थी. वेळ मिळायचा तो फक्त पहाटेचा, उजाडायच्या आधीचा. झोपेने जड झालेल्या आठ-नऊ वर्षांच्या पोरीला कुशीत घेऊन, गोंजारून, खेळण्यांची आमिषं दाखवून ती जागी करायची. बाहेर रानात पाखरं जागी होत असायची आणि आत आई म्हणेल तो श्लोक मुलगी मागून म्हणायची. पुस्तक हातात नाही, सगळं आईच्या तोंडून. अशा पहाटांमधून बारा वर्षांची होईतो रमेला भागवताचे अठरा हजार श्लोक पाठ झाले होते. ज्या बाईचं उरलेलं आयुष्य पहाटेच्या प्रार्थनेवर उभं राहिलं, तिला पहाटे उठायची सवय तिच्या वैष्णव आईने लावली होती. कुठल्या मिशनऱ्याचा त्यात हात नव्हता. मला वाटतं, हे धड्यात हवं होतं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते लिहिताना हात जड होतो. हे कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थयात्रा करत, देवळांच्या आवारात पुराणं सांगत फिरत होतं. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. पैसा संपला, भांडी विकली, शेवटी रानातला पाला खाऊन दिवस काढले. मजुरी करायची शास्त्र्याच्या घराला माहिती नव्हती आणि भीक मागवेना. वडील गेले, काही आठवड्यांत आई गेली, मग थोरली बहीण. आईची तिरडी उचलायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा खांदा भाऊ श्रीनिवासचा आणि चौथी रमा. स्मशान काही मैलांवर होतं. रमाची उंची कमी पडत होती म्हणून तिने आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला.

उरलेली दोघं भावंडं हजारो मैल पायी चालली. पंजाबात झेलमच्या काठी थंडी सोसेना, तेव्हा त्यांनी वाळूत कबरीसारखे दोन खड्डे खणले, त्यात झोपून डोकं सोडून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. सगळे देव, सगळी व्रतं, सगळी तीर्थं करून झाली होती. अंगाला शेवटी वाळूच मिळाली. त्यांची श्रद्धा तिथे कुठेतरी ढासळली, असं त्यांनीच पुढे लिहिलं आहे. माझ्या हिंदू मित्रमैत्रिणींनी हे वाचून वाईट वाटून घेऊ नये. श्रद्धा ढासळायला धर्म कुठलाही चालतो, हे मी स्वतःवरून सांगू शकते.

1878 मध्ये दोघं कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. ख्रिस्ती लोकांची प्रार्थना त्यांनी पहिल्यांदा तिथेच पाहिली. मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघ्यांवर बसली, डोळे मिटले आणि पुटपुटू लागली. देवाची मूर्ती कुठे दिसेना, तेव्हा हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात की काय असं रमाबाईंना वाटलं! हा किस्सा वाचून मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एकटीच हसले होते. त्यांना संस्कृतातलं बायबलही कुणीतरी भेट दिलं. त्यांना ते रुचलं नाही.

भाऊही गेला. मग त्यांनी बिपिन बिहारी दास या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी. आसामातल्या सिलचरला एकोणीस महिन्यांचा संसार झाला, मनोरमा जन्मली आणि 1882 च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने नवरा गेला. त्याच घरात नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली होती. ती त्यांना आवडली. नवऱ्याला मात्र बायको ख्रिस्ती होण्याची कल्पना मुळीच मानवत नव्हती.

तेविसाव्या वर्षी विधवा, कडेवर दहा महिन्यांची मुलगी. त्या पुण्यात आल्या. आर्य महिला समाज काढला, स्त्रीधर्मनीति लिहिलं, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात असं ठणकावलं. हे सगळं तुम्ही वाचलेलं आहे. पुस्तकाच्या विक्रीच्या पैशांतून त्या 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. आता पैशांसाठी या शब्दाकडे येऊ. इंग्लंडात वॉन्टेज इथे ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहत होत्या. आपण धर्म बदलणार नाही असं त्यांनी पुण्याहून निघतानाच सांगितलं होतं. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीने तिथेच आत्महत्या केली. परक्या देशात, लहान मुलगी घेऊन, एकुलती मैत्रीण अशी गेलेली. डॉक्टर व्हायचं स्वप्न होतं, पण ऐकू कमी यायला लागलं आणि वैद्यकीची वाट बंद झाली. अशा माणसाला आश्रय देणाऱ्यांचं मन मोडणं जड जातं, हे मी समजू शकते. पण आश्रय देणाऱ्यांना खूश ठेवायचा त्या बाईंचा स्वभावच नव्हता. त्यांना लॅटिन अक्षरं कोरलेला क्रूस गळ्यात घालायला सांगितला, तर त्यांनी नकार दिला आणि त्यावर संस्कृत अक्षरं हवीत म्हणून वाद घातला. जन्मभर शाकाहार सोडला नाही, साडी सोडली नाही. भगिनींशी त्यांचा इतका पत्रव्यवहार आणि इतका वाद झाला की वाचून आपल्यालाच भगिनींची दया येते. पैशांसाठी गेलेला माणूस मालकाशी व्याकरणावरून भांडत नाही.

मग काय झालं? लंडनजवळ फुलहम इथे मठाच्या भगिनी समाजाने टाकलेल्या बायकांसाठी एक घर चालवत होत्या. रमाबाईंना ते दाखवायला नेलं. ज्या बायकांच्या सावलीलाही कुणी उभं राहणार नाही त्यांच्याशी या भगिनी सख्ख्या बहिणींसारख्या वागत होत्या. असं का, हे त्यांनी विचारलं. उत्तर म्हणून एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. भर दुपारी एकटी पाणी भरायला येणारी, गावाने नाव ठेवलेली बाई, आणि तिच्याकडे प्यायला पाणी मागून तिच्याशी देवाबद्दल गंभीरपणे बोलणारा येशू. ज्या बाईने आपल्या देशातल्या विधवा पाहिल्या होत्या, तिला ही गोष्ट कशी लागली असेल ते वेगळं सांगायला नको. 29 सप्टेंबर 1883 ला मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पुढची तीन-चार वर्षं मी घाईने ओलांडते. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्यांनी शिकवलं आणि स्वतः शिकल्या. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या, तिथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव व्याख्यानं दिली आणि बॉस्टनच्या लोकांकडून विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षांच्या मदतीचं वचन घेऊन परतल्या. 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. (आनंदीबाईंची पदवी 11 मार्च 1886 ची. शारदा सदनातल्या गोदूबाईंचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं तेही 11 मार्चला, 1893 मध्ये. तारखा जुळल्या की मला उगाच बरं वाटतं.) पुढच्या वर्षी शाळा पुण्यात आली.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते.

शारदा सदनात धर्म शिकवायचा नाही असा करार होता. रानडे, भांडारकरांसारखे लोक सल्लागार होते. मुलींनी आपापली पूजा, सोवळं, उपास पाळायला पूर्ण मोकळीक, स्वयंपाक ब्राह्मण पद्धतीचा. रमाबाईंनी हा करार पाळला. पण सकाळी त्या स्वतःच्या खोलीत मनोरमेला जवळ घेऊन बायबल वाचत आणि प्रार्थना करत. खोलीचं दार उघडं असे.

एवढंच. उघडं दार. त्या दारातून काही मुली आत येऊन बसू लागल्या. कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी हाकलतही नव्हतं. ज्यांचं केस कापलेलं डोकं घरात कोपऱ्यात लपवलं जाई, सकाळी ज्यांचं तोंड दिसणंही अपशकुन मानलं जाई, त्या मुलींना सकाळी उठल्याबरोबर एक बाई आपल्या लेकीला मांडीशी घेऊन, देवाचं आपल्यावर प्रेम आहे असं गृहीत धरून त्याच्याशी बोलताना दिसत होती. त्या दारापाशी थबकल्या नसत्या तरच आश्चर्य. देवाचा कोप त्यांना सगळ्यांनी सांगितला होता, गेल्या जन्मीचं पापही सांगितलं होतं.

पुण्यात गदारोळ झाला. केसरीतून टीकेची झोड उठली. 1893 मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेलं. शाळा बुडणार अशी वेळ आली. रमाबाईंना सोपा उपाय सुचवला गेला होता: दार लावून घ्या. त्यांनी तो मानला नाही. बाकीच्या मुलींना आपल्या खोलीत पूजा करायची मोकळीक आहे तशी मलाही आहे आणि मी चोरून काही करत नाही, असा त्यांचा साधारण पवित्रा होता.

त्यांचं बरोबर होतं का? या प्रश्नावर मी बराच काळ घुटमळले. करार लिहिणाऱ्याच्या बाजूने विचार केला तर सल्लागारांची अडचणही खरी होती. तेरा-चौदा वर्षांची अनाथासारखी मुलगी जिच्यावर सर्वस्वी अवलंबून आहे, तिचं उघडं दार हे निव्वळ उघडं दार नसतं, ते बोलावणंही असतं. रानडे काही कर्मठ माणूस नव्हते. त्यांना पालकांना तोंड द्यायचं होतं, आणि एका शाळेमुळे सगळ्याच मुलींचं शिक्षण बदनाम होईल ही भीती होती. ती अगदीच खोटी नव्हती. कर्व्यांनी पुढे 1896 मध्ये स्वतःचा अनाथ बालिकाश्रम काढला तो काही अंशी याच अनुभवातून. दुसऱ्या बाजूने, गोदूबाई त्याच शारदा सदनात शिकल्या, त्याच दारासमोरून रोज गेल्या आणि हिंदूच राहिल्या. म्हणजे जबरदस्ती नव्हती. आणि दार लावून घेतलं असतं तर मनोरमेने आपल्या आईकडून काय शिकलं असतं? की प्रार्थना ही लपवायची गोष्ट आहे. मी आई आहे, आणि आईच्या बाजूने माझा कौल रमाबाईंना आहे. तुमचा वेगळा असू शकतो. भेटलो की भांडू.

एक गोष्ट मात्र फार कमी लोकांना ठाऊक असते. या काळात रमाबाईंची स्वतःची श्रद्धाच अडखळत होती. बाप्तिस्म्यानंतरच्या आठेक वर्षांबद्दल त्यांनी पुढे कबूल केलं आहे की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. मतं पटली होती, वाद घालता येत होता, पण मनाला स्वस्थता नव्हती. ज्या मुलीने लहानपणापासून पुण्य साठवायची व्रतं केली, ती ख्रिस्ती होऊनही पुण्यच साठवत राहिली. चांगलं वागून देवाची मर्जी मिळवायची. 1891 च्या सुमारास वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं की हे कमवायचं नसतंच, ते फुकट दिलेलं आहे, घ्यायचं आहे. देवाने आधीच प्रेम केलेलं आहे. त्यानंतर त्यांची सकाळची प्रार्थना बदलली. मागण्याआधी आभार आले. उघड्या दारातून मुलींनी जे पाहिलं ते हे ताजं, अजून ओलं असलेलं सुख होतं. त्या धर्म शिकवत नव्हत्या हे खरंच आहे, पण इतकी आनंदी बाई त्या मुलींनी आधी पाहिलीच नसेल.

माझ्या इंजिनियर मित्रांसाठी एक हिशेब. लोणावळ्याला ख्रिस्ती मंडळींचं शिबिर होतं. रमाबाईंसोबत विश्वास धरलेल्या पंधरा मुली होत्या. त्यांनी सकाळी रानात एकांतात बसून देवाकडे या संख्येचा वर्ग मागितला. पंधराचा वर्ग दोनशे पंचवीस! पन्नास जणींची सोय असलेल्या शाळेची बाई हे मागते. मी अशी रिक्वायरमेंट आली असती तर परत पाठवली असती.

आणि मग 1896 चा मध्य प्रांतातला दुष्काळ आला. ज्या बाईने पाला खाऊन आईला जाळलं होतं तिला तो बातमीत वाचून पुरणार नव्हता. त्या स्वतः गेल्या आणि उपाशी, आजारी, विकल्या जाणाऱ्या मुलींना घेऊन आल्या. तीनशेच्या आसपास. पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे इतक्या मुली ठेवता येईनात, म्हणून आधी फळबागेसाठी घेऊन ठेवलेल्या केडगावच्या शंभर एकरांवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. तेच मुक्ती. (आपल्या नगरकरांसाठी खुलासा: हे नगरजवळचं केडगाव नव्हे. पुणे-दौंड रेल्वेवरचं. मी स्वतः अकरावीपर्यंत आपलंच केडगाव समजत होते.) 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या घरात बायका-मुली होत्या. विणकाम, शेती, दूध, तेलाचा घाणा, छापखाना. आंधळ्या मुलींसाठी वेगळं घर होतं आणि मनोरमा त्यांना ब्रेल शिकवत होती.

त्या दोन हजार जणींच्या सकाळी कशा असतील? 1905 च्या जानेवारीत रमाबाईंनी विचारलं की रोज जमून प्रार्थना करायला कोण तयार आहे. सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा साडेपाचशे जणी जमत होत्या. जूनच्या अखेरीस एका रात्री, पहाटे साडेतीनच्या सुमाराला, एक मुलगी प्रार्थनेत अशी काही उमलली की शेजारी झोपलेल्या मुलीला तिच्याभोवती आग दिसली. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली आणि ओतणार एवढ्यात तिला कळलं की काहीच जळत नाहीये. या प्रसंगाचं काय करायचं हे मला कळत नाही. तर्काने तो बसवता येत नाही. पण ती बादली मला खरी वाटते. खोटी गोष्ट रचणाऱ्याला बादली सुचत नाही.

याच सुमाराला त्यांनी आयुष्यातलं शेवटचं मोठं काम हाती घेतलं: मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर. त्यासाठी त्या भाषा शिकल्या. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर आहे, केडगावच्या खेडवळ बायांना ते कळत नाही, अशी त्यांची तक्रार. गंमत पाहा, कलकत्त्याच्या पंडितांनी जिला सरस्वती म्हटलं, ती म्हातारपणी बसून एकेक संस्कृत शब्द वेचून काढते आणि चुलीपाशी बोलला जाणारा शब्द शोधते. आईने पहाटे पाठ करून घेतलेलं सगळं भांडार बाजूला ठेवून. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणी करणाऱ्या सगळ्या मुक्तीतल्या बायका. हे काम जवळजवळ अठरा वर्षं चाललं.

1921 च्या जुलैमध्ये मनोरमा मिरजेच्या दवाखान्यात वारली. चाळीस वर्षांची. जिला मांडीशी घेऊन ते दार उघडं ठेवलं होतं, ती. आई त्रेसष्ट वर्षांची, कानांनी अधू, आता खरोखर एकटी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काय म्हणाल्या असतील, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. माझी आई गेली तेव्हा मी जवळजवळ वर्षभर प्रार्थना केली नाही. गजर साडेपाचला व्हायचा, हात आधी फोनकडे जायचा, रात्री अमेरिकेच्या टीमने काय मोडून ठेवलंय ते पाहायचं आणि त्याच चिडचिडीत दिवस सुरू करायचा. आमची आई नगरच्या दोन खोल्यांच्या घरात पाचला उठायची, दिवा न लावता पलंगाशी गुडघे टेकायची. घराला आतलं दारच नव्हतं, नुसता पडदा होता. मी झोपेचं सोंग घेऊन ऐकायचे. माझं नाव आलं की बरं वाटायचं. परीक्षेच्या दिवसांत तुमच्यापैकी काहींची नावंही यायची, हे तुम्हाला ठाऊक नाही. ज्याने वर्गात प्रश्न विचारला होता त्याचंही एकदा आलं होतं. त्याच्या वडिलांचं ऑपरेशन होतं तेव्हा.

रमाबाईंनी मनोरमेनंतर काम थांबवलं नाही. भाषांतराची शेवटची मुद्रितं तपासायची राहिली होती. तब्येत खालावली तेव्हा त्यांनी देवाकडे आणखी दहा दिवस मागितले, असं मुक्तीत सांगतात. तेवढ्यात मुद्रितं तपासून झाली. 5 एप्रिल 1922 ला, उजाडायच्या आधी, त्या झोपेतच गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं 1924 मध्ये.

मागच्या डिसेंबरात नगरहून पुण्याला रेल्वेने येत होते. दौंड सोडल्यावर केडगावला गाडी थांबली. सकाळचे सात वाजत होते. फलाटावर एक बाई दोन वेण्या घातलेल्या मुलीला घाईघाईने बन खायला घालत होती, दूधवाल्यांच्या किटल्या चढत होत्या. मी फोन पर्समध्ये टाकला आणि डोळे मिटले. समोरच्या आजींना वाटलं मला गाडी लागतेय. त्यांनी आवळासुपारी काढून दिली.